घर क्रमांक सतरा नव्या कोअरच्या हद्दीतून काढून जुन्या कोअरमध्ये परत घेण्याबाबत

प्रति,
मा. कमांडिंग जनरल साहेब,
आर्मी कोअर (जुनी) यांचे मुख्यालय,
ब्रुखनाउ.

अर्जदार: श्रीमती ओटीली व्हिट्झेल, वय ४३, कै. योहान्नेस व्हिट्झेल (गाड्यांची चाके बनवणारे सुतार) यांची विधवा, राहणार घर क्र. १७, मौजे एर्लेनरोडे.

विषय: वरीलप्रमाणे, व त्या अनुषंगाने येत्या युद्धसरावात रसद बटालियनच्या दुसऱ्या तुकडीचा मुक्काम पूर्वीप्रमाणे अर्जदाराच्याच घरी ठेवण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा दि. २ ऑक्टोबर १८९३ चा अर्ज (रसदवाले पुन्हा आपल्या घरी उतरवू नयेत याबाबत).
२) सदर अर्ज मंजूर झाल्याचे दि. १४ जानेवारी १८९९ चे पत्र.
३) सप्टेंबर १८९९ च्या सरावासाठी घरोघरच्या मुक्कामांची यादी.

महोदय,

१. संदर्भ क्र. १ चा अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिला होता आणि आज ती त्याच अर्जाच्या मंजुरीविरुद्ध दाद मागत आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. मागाहून कारकुनांना सापडण्यापेक्षा ते तिच्याच तोंडून कळलेले चांगले. सदर अर्ज मंजूर व्हायला पाच वर्षे, तीन महिने आणि बारा दिवस लागले. कार्यालयाचा व्याप मोठा आहे याची अर्जदारास जाणीव आहे. तक्रार उशिराची नाही. तक्रार अशी, की एवढा उशीर झाल्यावर तो अर्ज कायमचा विसरला गेला अशी तिची खात्री पटली होती, आणि त्या खात्रीवर विसंबून तिने पुढच्या आयुष्याचे काही बेत केले होते.

२. जागेची वस्तुस्थिती अशी. एर्लेनरोडे गाव ओढ्याच्या पूर्वेला आहे. पार पश्चिमेला एकच इमारत, ती म्हणजे गिरणी. गिरणीसाठी ओढ्यातून काढलेला पाट आणि मूळ ओढा यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरते, तिच्यावर अर्जदाराचे घर, सुतारकामाचे दुकान, गाड्या उभ्या करण्याचे अंगण आणि कोबीचा वाफा. पाटावरची फळी ओलांडली की बावीस पावलांवर गिरणीचे दार. तिथे श्रीमती अमाली डिप्पेल राहतात. त्याही विधवा. वयाने अर्जदारापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या (चर्चच्या नोंदवहीप्रमाणे; त्या स्वतः निराळे सांगतात). त्यांच्याकडे पियानो आहे, बारा माणसांची चिनी मातीची भांडी आहेत, आणि बोलताना मान किंचित कलती करून समोरच्याची कीव करण्याची हातोटी आहे. ही माहिती द्वेषाने दिलेली नाही. प्रकरण समजायला ती लागेल.

३. युद्धसरावाच्या आधी एक अधिकारी घोड्यावरून येऊन दारादारांवर खडूने लिहून जातो: किती माणसे, किती घोडे. १८९३ च्या सप्टेंबरात गिरणीच्या दारावर ब्रिगेडचा स्टाफ लिहिला गेला. ब्रिगेडियर साहेबांचे अ‍ॅडजुटंट, म्हणजे त्यांचे कामकाज पाहणारे अधिकारी, तिथे उतरले, त्यामुळे पलटणीचा बँडही गिरणीपुढेच वाजला आणि सारे गाव तिकडे लोटले. अर्जदाराच्या दारावर लिहिले गेले: रसद, एक हवालदार, चार माणसे, सहा घोडे. कारण उघड होते. अंगणात गाड्या मावतात आणि दुकानात चाकांची हत्यारे आहेत.

डिप्पेलबाईंनी पाटापलीकडून विचारले, "काय हो व्हिट्झेलबाई, तुमच्याकडे कोण आलंय?"

"रसदवाले."

"म्हणजे पावाच्या गाड्या हाकतात ते? असू दे, असू दे. त्यांनाही कुणीतरी घरात घ्यायलाच हवं ना."

महोदय, या वाक्यानंतर अर्जदाराने त्या रात्री पाहुण्यांना वाटाण्याचे पाणीदार सूप वाढले आणि सॉसेज फडताळात कुलपात ठेवले. पाहुण्यांचा यात काही दोष नव्हता.

सदर मुक्कामात घोड्यांनी कोबीचे अकरा गड्डे खाल्ले. ते एकवेळ सोडून दिले असते. पण अर्जदाराचे पती ज्या चाकावर काम करता करता वारले, ते चाक दुकानात चार वर्षे तसेच टांगलेले होते, तीन आरे कमी असलेले. कुणी त्याला हात लावत नसे. तिसऱ्या दिवशी सकाळी अर्जदार दुकानात गेली तर ते चाक पुरे झालेले, लोखंडी धाव चढवून भिंतीला टेकून ठेवलेले. हवालदार बाजूला उभे. नाव युस्टुस क्नीरीम. उंच, कानांशी लालसर, बोलायला महाकंजूष.

"हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" अर्जदाराने विचारले.

"कुणी नाही, बाई. आरे कापून ठेवलेले होते. बसवायचेच राहिले होते."

"राहिले होते तर राहू द्यायचे."

ते म्हणाले, "चुकलं." आणि घोड्यांकडे निघून गेले.

४. त्या रागात अर्जदाराने संदर्भ क्र. १ चा अर्ज केला. त्यात कोबी आहे, चाक आहे. ज्या गोष्टीसाठी तो अर्ज खरोखर लिहिला गेला, ती गोष्ट, म्हणजे गिरणीपुढे वाजलेला बँड, त्यात नाही. अर्जदाराचा स्वभाव मत्सरी आहे. हे तिची आई सांगत असे, पतीही सांगत असत, आणि आता ती स्वतः आपल्या कार्यालयाला लेखी कळवत आहे.

५. सदर अर्ज नीट मुद्द्याला धरून असावा म्हणून तिने शाळामास्तरांकडून लष्कराची अधिकारी-यादी आणि आपल्या कोअरच्या पंचवीस वर्षांच्या इतिहासाची पुस्तिका मागून आणली होती. ब्रिगेडचा अ‍ॅडजुटंट हा हवालदारापेक्षा नेमका किती मोठा, आणि आपला अपमान नेमका किती पायऱ्यांचा झाला, हे तिला काढायचे होते. अर्जदाराचे शिक्षण चौथ्या वर्गापर्यंत झाले आहे. कोअर म्हणजे काय हे तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर धान्य मांडून समजून घ्यावे लागले. पायदळासाठी तिने पांढरे वाल घेतले. दोन डिव्हिजन, प्रत्येकीत दोन ब्रिगेड, प्रत्येक ब्रिगेडमध्ये दोन पलटणी: म्हणजे कोअरभर आठ पलटणी. पलटणीत तीन बटालियन, बटालियनमध्ये चार तुकड्या. घोडदळाला मसूर. तोफखान्याला वाटाणे. नेमबाजांची आणि पूल बांधणाऱ्या पायोनियरांची एकेक बटालियन, त्यांना एकेक मिरीचा दाणा. सगळे मांडून झाल्यावर यादीत अगदी तळाला एक ओळ उरली: रसद बटालियन, एक. तिच्यासाठी हाताशी धान्य नव्हते म्हणून एक सुके आलुबुखार ठेवले.

अर्ज पाठवून झाला तरी टेबलावरची कोअर तिने आवरली नाही. त्याच वर्षी सरकारने प्रत्येक पलटणीला चौथी, अर्धी बटालियन जोडली, तेव्हा तिला वाल कातरून अर्धे करावे लागले. पुस्तिकेत लिहिले होते की कोअर एका रस्त्याने निघाली, तर नुसत्या लढणाऱ्यांचीच रांग माणसाच्या दिवसभराच्या चालीएवढी लांब होते. त्यांच्यामागे दारूगोळा, त्यांच्यामागे इस्पितळे, आणि त्यांच्यामागे पीठ, पाव, भट्ट्या. ते वाचून तिला प्रथम बरे वाटले, की हे लोक शेवटचेच आहेत. मग असेही वाटू लागले, की इतक्या हजारांच्या पोटाचे ओझे ज्यांच्या गाड्यांवर, त्यांना आपण पातळ सूप घातले.

वसंतात बटाटे न्यायला गाडी काढली. तेच चाक घातले होते. बाजाराला जाऊन परत येईपर्यंत ते जरासुद्धा डुगडुगले नाही. पतींचा हात होता तसाच हात. अर्जदार वाटेत एका ठिकाणी गाडी थांबवून थोडा वेळ बसली. यापेक्षा अधिक तपशील कार्यालयास आवश्यक नसावा.

६. १८९५ साली सराव पुन्हा याच बाजूला झाला. अर्जदाराने आपला अर्ज मंजूर झाला असेल या भीतीने सरावाआधीचे आठ दिवस दाराकडे बघत काढले. मंजूर झालेला नव्हता. खडूने पुन्हा रसदच लिहिली गेली. त्या दिवशी सकाळपासून खिडकीत उभी राहून तिने कोअर मोजली: पलटणी गेल्या, रिसाला गेला, तोफा गेल्या. पाय दुखले. गिरणीत कुणीतरी मेजर उतरला, बँड वाजला, तिने मान वळवून पाहिले नाही. आलुबुखारचा केक झाकून ठेवला होता. शेवटी गाड्या आल्या.

"हवालदारसाहेब," ती म्हणाली, "तुमची फौज नेहमी सगळ्यांच्या शेवटी का येते?"

"आम्ही आधी पोचलो, बाई, तर पुढचे लढतील कशाला. जेवायलाच बसतील."

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेले हे सर्वांत लांब वाक्य. मग त्यांची नजर टेबलावर गेली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"ही आपली कोअर आहे?"

"हो. काही चुकलंय का?"

"पायदळ बरोबर आहे. घोडदळ बरोबर आहे. आम्ही कुठे?" अर्जदाराने आलुबुखार दाखवले. त्यांनी ते उचलले, फुंकर मारली आणि खाऊन टाकले.

"अहो, ती रसद होती. आता ही सगळी उपाशी मरतील."

"मरू देत," ते म्हणाले. "केक आहे ना."

चार तुकडे खाल्ले. अर्जदाराने मोजले, कारण मोजायची सवय लागली होती. पुढच्या तीन दिवसांत त्यांनी विहिरीचा रहाट, कोंबड्यांचे दार आणि दोन खुर्च्या नीट केल्या. दर वेळी आधी विचारले.

७. १८९८ च्या सप्टेंबरात तिसरा मुक्काम झाला. अंगणात घोड्यांचा साज उतरवताना, तिच्याकडे न बघता, हवालदार क्नीरीम म्हणाले, "पुढच्या वर्षी एक ऑक्टोबरला माझी नोकरीची अठरा वर्षे भरतात. पेन्शन मिळेल, आणि सरकारी जागेचा दाखला. टपाल खातं किंवा जंगल खातं. कुठल्या गावी, ते मलाच मागायचं असतं."

"मग कुठलं मागणार?"

"त्याच्या आधी तुम्हाला एक विचारायचं होतं."

"विचारा की."

"घोड्यांना पाणी दाखवून येतो आधी."

घोड्यांना पाणी पाजायचे मोठे दगडी कुंड गिरणीपाशी आहे. ते गेले. अर्जदाराने एप्रन बदलला. ते परत आले, टेबलाशी बसले, केकचा एकच तुकडा खाल्ला, आणि काही विचारले नाही. तिने दोनदा विचारले, "काय म्हणत होता तुम्ही?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "काही नाही, बाई. आमचा त्रास होतो तुम्हाला, ठाऊक आहे." तिसऱ्या सकाळी तुकडी निघाली. दारावरचे खडूचे लिखाण पाऊस पडेपर्यंत तसेच राहते, कुणी पुसत नाही. त्यांनी जाताना ते स्वतःच्या बाहीने पुसून टाकले.

पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर डिप्पेलबाई भेटल्या.

"तुमचे हवालदार कुंडाशी आले होते. बिचारा किती साधा माणूस हो. मी म्हटलं, व्हिट्झेलबाई आता तुम्हाला चांगलं जेवायला घालतात, नाहीतर तेव्हा केवढा अर्ज केला होता तुमच्याविरुद्ध."

"तुम्हाला कुणी सांगितलं अर्जाचं?"

"नक्कल गावप्रमुखांच्या कपाटात आहे ना. मी खरं तेच बोलले. खोटं बोलले असते तर गोष्ट वेगळी." आणि मान कलती करून, "मनाला लावून घेतलंत का? माझा हेतू तसा नव्हता."

८. यानंतर कोअरची फाळणी झाली. एक एप्रिलपासून आपल्या कोअरमधून काही पलटणी काढून नवी कोअर उभी राहिली आणि तिला स्वतंत्र मुलूख तोडून देण्यात आला. दोन कोअरमधली हद्द ओढ्याने ठरली. पण ओढा कुठला, मूळचा की गिरणीचा पाट, असा प्रश्न पडला आणि तो साऱ्या हद्दीवर फक्त घर क्र. १७ पुरता पडला. गेल्या डिसेंबरात एक कॅप्टन आणि एक मोजणीदार नकाशा घेऊन आले, अंगणात उभे राहून थंडीने कुडकुडले, आणि गावप्रमुख श्री. लोट्झ यांच्याकडे गेले. तिथे जे घडले ते अर्जदारास नंतर श्री. लोट्झ यांनी सांगितले.

"कॅप्टन म्हणाला, या घराचा काही कागद आहे का? मी कपाट उघडलं. तुझ्या घराचा एकच कागद निघाला, ओटीली."

"काका, तुम्ही तो त्याला दिलात?"

"सरकारी माणूस मागतोय, मी काय त्यावर बसून राहू? त्यानं वाचला. म्हणाला, या बाईंना जुन्या कोअरची रसद घरी नको आहे आणि नव्या कोअरचा रस्ता तसाही दारावरून जातो, तर दोन्ही कामं एकदम होतील. खूश झाला बिचारा. बऱ्याच दिवसांत कुणाचा अर्ज मंजूर केला नव्हता म्हणे."

अशा रीतीने आपल्या कोअरची पूर्व सरहद्द अर्जदाराच्या कोबीवरून ठरली.

९. आता संदर्भ क्र. ३ ची यादी लागली आहे. येत्या सप्टेंबरात जुनी आणि नवी कोअर एकमेकींविरुद्ध सराव करणार आहेत. नव्या कोअरच्या यादीप्रमाणे घर क्र. १७ मध्ये एक मेजर, त्यांचा नोकर आणि एक घोडा. जुन्या कोअरच्या यादीप्रमाणे गिरणीत: रसद बटालियन, दुसरी तुकडी, एक हवालदार, चार माणसे, सहा घोडे. म्हणजे कागदोपत्री हवालदार क्नीरीम शत्रुपक्षात जाऊन बावीस पावलांवर जेवणार.

जी वस्तू अर्जदाराने १८९३ साली तळमळून मागितली होती ती तिला आज मिळाली आहे. मेजरसाहेबांविषयी तिची तक्रार नाही. ते सज्जनच असतील.

यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी गिरणीत गाडीखाना झाडला गेला. ज्या डिप्पेलबाईंनी पाच वर्षांत रसदवाल्यांना पाण्यापलीकडे काही विचारले नाही, त्यांनी गाडीखान्यात सुतारी बाक मांडला आहे, तोही नवा. खिडक्यांना पडदे शिवले आहेत. पडद्यांचा रंग आकाशी आहे. महोदय, रसद बटालियनच्या गणवेशाच्या कॉलरचा रंग कोणता, हे आपणास सांगण्याची गरज नाही.

अर्जदाराने पाटावरून विचारले, "पडदे छान आहेत. कुणासाठी?"

"उन्हासाठी," डिप्पेलबाई म्हणाल्या. "आणि हो, आलुबुखारचा केक तुम्ही कसा करता हो? खाली पीठ पातळ लाटता की जाड?"

अर्जदाराने सांगितले, "जाड." हे खरे नाही. आपल्या कार्यालयाची फसवणूक नको म्हणून नमूद केले.

श्रीमती डिप्पेल यांना सदर हवालदार खरोखर हवे आहेत, की ते अर्जदाराला हवे आहेत म्हणून त्यांना हवे आहेत, याचा अर्जदाराने पुष्कळ विचार केला. १८९३ साली तिला त्यांचा अ‍ॅडजुटंट हवा होता तो याच दुसऱ्या प्रकारे. त्यामुळे ती त्यांना फार दोष देऊ शकत नाही, याचे तिला वाईट वाटते.

१०. हद्द एकदा आखली की बदलता येत नाही असे उत्तर येईल, हे गृहीत धरून अर्जदार कोअरच्या इतिहासाकडे लक्ष वेधते. १८६६ साली आमचा राजा गेला, मुलूख प्रशियाकडे आला, आणि कालपर्यंत दुसऱ्या राजाचे मीठ खाणाऱ्या पलटणी घेऊनच ही कोअर बांधली गेली. चार वर्षांनी त्याच पलटणी फ्रान्समध्ये तिच्या नावाने लढल्या. १८९३ साली अर्ध्या बटालियन जोडल्या, १८९७ साली त्या तोडून त्यांच्यातून नव्या पलटणी केल्या. यंदा तोफखाना कोअरच्या हातातून काढून डिव्हिजनांना वाटला. त्या दिवशी अर्जदाराला टेबलावरचे सगळे वाटाणे हलवावे लागले. थोडक्यात, कोअर म्हणजे एकदा मांडली आणि झाली अशी वस्तू नव्हे. जिने इतकी हजार माणसे एका सहीने इकडची तिकडे केली, तिला एक घर, एक दुकान आणि कोबीचा वाफा बावीस पावले सरकवणे जड जाऊ नये.

११. सबब विनंती, की

(अ) संदर्भ क्र. १ चा अर्ज अर्जदाराने मागे घेतला असे समजावे आणि त्यावरची मंजुरी रद्द करावी.

(ब) हद्द म्हणून गिरणीचा पाट न धरता मूळ ओढा धरावा. पाट हा माणसाने खणलेला आहे आणि तोही डिप्पेलबाईंच्या सासऱ्यांनी. साम्राज्याच्या फौजेची सीमा त्यावर ठरणे शोभत नाही.

(क) ते जमत नसेल तर रसद बटालियनची दुसरी तुकडी नव्या कोअरला द्यावी. नव्या कोअरला रसद लागणारच आहे.

(ड) तेही जमत नसेल तर सप्टेंबरातले चार दिवस घर क्र. १७ युद्धात जुन्या कोअरने जिंकले असे पंचांनी जाहीर करावे. अर्जदार प्रतिकार करणार नाही.

१२. यांतले काहीच होणार नाही, हे अर्जदारास कळते. इतकी वर्षे कोअर मांडून ती हेही शिकली आहे, की अर्जात नोकरीवर असलेल्या सैनिकाचे नाव आले, तर नामंजूर करण्याआधीसुद्धा तो कागद त्या सैनिकाच्या लेखी अभिप्रायासाठी खाली धाडावा लागतो. म्हणून नाव जागोजागी स्पष्ट अक्षरांत लिहिले आहे. हा अर्ज आपल्या टेबलावरून चीफ ऑफ स्टाफकडे जाईल, तिथून अ‍ॅडजुटंटकडे, तिथून रसद बटालियनच्या कमांडरांकडे, त्यांच्याकडून दुसऱ्या तुकडीच्या कॅप्टनकडे, आणि सगळी कोअर वाचून पुढे गेल्यावर, सर्वांच्या शेवटी, हवालदार युस्टुस क्नीरीम यांच्या हातात पडेल. त्या सर्व अधिकाऱ्यांची अर्जदार वाचल्याबद्दल आभारी आहे. वरचे अकरा परिच्छेद त्यांच्यासाठी होते.

हवालदारसाहेब, तो अर्ज मी केला होता. बँडमुळे केला होता, तुमच्यामुळे नाही. चाक अजून गाडीला आहे. पीठ मी पातळ लाटते. तुम्ही अंगणात जे विचारणार होता ते मला ठाऊक आहे असे मी धरून चालले आहे. चुकत असेन तर तसे लिहा, मी मेजरसाहेबांना वाढीन. एर्लेनरोडेच्या टपालाची जागा ऑक्टोबरात रिकामी होते, हे लोट्झकाकांकडून पक्के करून घेतले आहे.

सरकारी रिवाजाप्रमाणे कागद उभा दुमडून मजकूर उजव्या बाजूला लिहिला आहे. डावी बाजू अभिप्रायासाठी कोरी आहे. तुम्हाला लिहायचा कंटाळा, म्हणून सांगते, एका शब्दात भागेल.

सोबत: दि. २ ऑक्टोबर १८९३ च्या अर्जाची नक्कल, अर्जदाराने स्वतः खोडलेली.

उत्तर येईपर्यंत दोन्ही कोअरच्या मधोमध राहणारी,

ओटीली व्हिट्झेल
घर क्र. १७, एर्लेनरोडे
दि. २६ जून १८९९